चिऱ्याचे घर, कुळागर आणि फायबरची केबल: मृगाआधी काय काय करून घ्यावे?

कुळागरकर (वाळपई)

घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, आणि रस्त्यापासून १४० मीटर आत, कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) आहे. कंपनीचा डबा रस्त्यावरच्या खांबावर. तिथून काळी चपटी केबल निघते. पहिला टप्पा ५५ मीटरचा, आंब्याच्या फांदीला दोन वेढे देऊन पुढे नेलेला. दुसरा टप्पा माडाच्या खोडाला नायलॉनच्या पट्टीने आवळलेला. तिथून कौलांच्या वळचणीखालून खिडकीच्या फटीतून केबल आत येते.

राऊटरच्या पानावर येणारी प्रकाशशक्ती कोरड्या दिवशी उणे २४.६ डीबीएम दिसते (हे प्रकाशशक्तीचे माप; उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी). अवकाळी सरीत ती उणे २७.८ पर्यंत उतरली, मग एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकू लागला. ऊन पडल्यावर दोन-तीन तासांत सगळे पूर्ववत.

कंपनी माणूस पाठवायला तयार आहे, पण सामान आणि खोदाई आमची. तीन गोष्टी हव्यात. पावसात असे का होते? नवी केबल वरून न्यावी की जमिनीखालून? आणि चिऱ्याच्या जाड भिंतीतून आत कशी घ्यावी?

सांधेकरी (फोंडा)

नवी केबल टाकण्याआधी आकडे नीट वाचू, नाहीतर १४० मीटर केबल बदलून दोष डब्यातच राहायचा.

कंपनीच्या यंत्रातून साधारण अधिक ३ डीबीएम निघतात. वाटेत ती शक्ती ३२ घरांत वाटली जाते, बहुधा दोन टप्प्यांत, आधी चार वाटे आणि मग प्रत्येकाचे आठ. या वाटणीत १८ डीबीच्या (डीबी म्हणजे प्रकाश किती घटला याचे माप) आसपास जातात. काचेत कि.मी.मागे पाव ते एक तृतीयांश डीबी, म्हणजे ५ कि.मी.ला फार तर पावणेदोन. चार जोड धरले तर प्रत्येकी ०.३ प्रमाणे सव्वा. घरी पोचायला हवेत उणे १७ ते १८. वाटणी ६४ घरांत असेल तर आणखी साडेतीन जातात, तरी उणे २१-२२ यायला हवेत. तुमच्याकडे कोरड्यातच उणे २४.६ आहेत. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, हे ध्यानात घेतले तर किती प्रकाश वाटेत सांडतो आहे ते कळेल. घरातले यंत्र उणे २७ पर्यंत धरते, त्याखाली त्याचा भरवसा नाही. म्हणून पहिल्याच सरीत दिवा लाल.

पाऊस काचेतला प्रकाश कमी करत नाही. तो दोनच प्रकारे त्रास देतो. एक, डब्यातल्या किंवा घराच्या टोकाच्या जोडात ओलावा जातो. दोन, भिजलेली फांदी जड होऊन खाली येते आणि वेढ्यात आवळलेली केबल आणखी वाकते. तुमच्याकडे दोन्हींना जागा आहे.

आलेल्या माणसाला हे करायला सांगा:

१. त्याच डब्यावरच्या शेजाऱ्याचा आकडा बघा. तोही खराब असेल तर दोष तुमच्या केबलचा नाही.

२. पॉवर मीटर (प्रकाशशक्ती मोजणारे यंत्र) १४९० नॅनोमीटरवर, म्हणजे घराकडे येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर, ठेवून डब्यात तुमच्या पोर्टवर मोजा. मग घराच्या टोकाला मोजा. १४० मीटर काच आणि दोन जोड यांत फरक १ डीबीच्या आत असायला हवा. ३-४ आला तर केबल किंवा तिची टोके दोषी.

३. ओटीडीआर (केबलमध्ये प्रकाश सोडून दोष कुठे आहे ते दाखवणारे यंत्र) असेल तर १३१० आणि १५५० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींवर बघा. वाकलेल्या काचेतून लांब तरंग जास्त गळतो. १५५० वर नुकसान ठळक आणि १३१० वर किरकोळ दिसले तर ते वळण आहे. दोन्हीवर सारखेच दिसले तर जोड मळलेला किंवा सैल आहे.

टोकात डोळा घालून प्रकाश येतो का ते कोणी बघू नये. १४९० डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यात शिरतो.

कुळागरकर (वाळपई)

शेजारच्या घराचा आकडा उणे १९.२ आहे, डबा तोच. म्हणजे दोष आमच्याच फांदीकडे किंवा टोकाकडे.

सांधेकरी (फोंडा)

मग ती केबल काढाच, मोकळी करून पुन्हा वापरायचा विचारही नको. वाकलेल्या काचेवर बारीक चरे असतात आणि ताण व ओलावा एकत्र आले की ते चरे हळूहळू वाढतात. त्यामुळेच ऑक्टोबरात आवळलेली केबल ऑगस्टात, कोणी हात लावलेला नसताना तुटते.

नवी केबल घेताना बाहेरच्या कवचापेक्षा आतल्या काचेची जात बघा. केबलवर दर मीटरला छापलेले असते. जी.६५७.ए२ असेल तर काच साडेसात मि.मी. त्रिज्येपर्यंत वाकते, ए१ असेल तर १० मि.मी. साधी जी.६५२.डी ३० मि.मी.च्या खाली नेऊ नये. पण ही सहनशक्ती काचेची आहे. केबलला बाहेर कुठेही ४-५ सें.मी.पेक्षा घट्ट वळण देऊ नका, कारण कवच आणि आतल्या ताणकाड्याही वाकत असतात.

घराघरांत दिसते ती पांढरी चपटी, २ बाय ३ मि.मी.ची केबल घरातली आहे. तिचे कवच धूर कमी करणारे असते, ऊन सोसणारे नव्हे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती खडूसारखी होते आणि चिरते. बाहेर काळीच हवी, उन्हाला टिकणाऱ्या कवचाची.

माडाखाली (मोरजी)

वरून न्यायची असेल तर तिसरा प्रकार लागतो. चपट्या केबलच्या कडेला पोलादी तार जोडलेली असते, २ बाय ५.२ मि.मी. ताण ती तार घेते, काचेच्या भागाने काहीच उचलायचे नसते. आणि नेमकी इथेच सगळीकडे चूक होते. क्लॅम्पमध्ये तार धरायची सोडून अख्खी चपटी केबल आवळतात.

बरोबर पद्धत अशी: टोकाला ३०-४० सें.मी. तार केबलपासून सोलून वेगळी करा. मधला पातळ पडदा ब्लेडने उभा चिरतो. ब्लेड तारेच्या बाजूला झुकवा, काचेच्या बाजूला नाही. तार एस आकाराच्या क्लॅम्पमध्ये गुंडाळून क्लॅम्प हुकाला अडकवा. केबलचा उरलेला भाग क्लॅम्पच्या बाजूने सैल, हाताच्या कोपराएवढा वळसा घेऊन खाली यायला हवा. हात लावला की हलला पाहिजे.

आता झोळ. तार ताठ दिसली की काम नीट झाले असे लोकांना वाटते, ते उलटे आहे. या केबलचे वजन मीटरला २० ग्रॅमच्या आसपास. ४० मीटरच्या टप्प्यात मध्ये ४० सें.मी. झोळ ठेवला तर टोकाला १० किलोचा ताण येतो. तोच झोळ १० सें.मी.वर आणला तर ताण ४० किलो. अशा केबलला कायमचा ताण साधारण ३० किलोपर्यंतच सोसतो, म्हणजे वारा सुटायच्या आधीच मर्यादा ओलांडली. दर टप्प्याला लांबीच्या १ ते २ टक्के झोळ ठेवा. वर एखादे चुडत (माडाची झावळी) पडले तरी झोळ असलेली केबल खाली बसते आणि चुडत घसरून जाते. ताठ केबल हुकासकट येते.

५५ मीटरचा टप्पा मी ठेवणार नाही. ५० हा शेवट समजा, आणि झाडांखाली ४० बरे.

निवृत्त_लाईनमन (म्हापसा)

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली आणि ती पहिली यायला हवी होती. त्या रस्त्यावरच्या खांबावर वीज खात्याची लाईन असेल तर केबलची पोलादी तार ही नंगी तार आहे असेच समजायचे. वादळात एलटीची (कमी दाबाच्या लाईनची) तार तुटून तिच्यावर पडली तर वीज तुमच्या भिंतीपर्यंत येते.

विजेच्या खांबावर स्वतः चढू नका, घरातल्या मुलाला शिडी लावून देऊ नका. तिथले काम कंपनीने परवानगी घेऊन करायचे आहे. परवानगीशिवाय टाकलेल्या केबली वीज खाते कापते आणि ते त्यांच्या अधिकारात आहे, त्यामुळे कंपनीला आधीच विचारून ठेवा की हा खांब त्यांच्या यादीत आहे का.

फायबर विजेच्या तारांच्या खाली आणि त्यांच्यापासून लांब जाते, वरून कधीच नाही. केबल लाईन ओलांडत असेल तर तारेऐवजी फायबरग्लासच्या काड्यांची केबल मागा. तिच्यात धातू नसतो. ती टप्प्याला थोडी कमी पेलते, तेवढाच फरक.

आणि पोलादी तार घराबाहेरच्या शेवटच्या क्लॅम्पला संपवा. तिथे ती कापायची, टोक वाकवून कवच चढवायचे. आत जातो तो फक्त काचेचा भाग. काचेतून वीज जात नाही, पण तार भिंतीतून आत घेतली तर आकाशातली वीज पार राऊटरच्या टेबलापर्यंत येते. चपट्या केबलच्या आतल्या दोन काड्याही कधी पोलादी असतात. आत जाणाऱ्या शेवटच्या तुकड्यात त्या फायबरग्लासच्या हव्यात. चुंबक लावून बघितले की कळते.

कुळागरकर (वाळपई)

खांब वीज खात्याचाच आहे. लाईन ओलांडावी लागत नाही, केबल सरळ आमच्या बाजूने उतरते. पण झाडांना काही न बांधता ४० मीटरचे टप्पे पाडायचे म्हणजे मध्ये तीन खांब रोवावे लागतील. मग खोदलेलेच बरे नाही का?

चिरेबंदी (डिचोली)

कुळागरात माझे मत जमिनीखालूनच. माड आणि पोफळी वाऱ्याने झुलतात, फांद्या जाडावतात, आज सैल असलेली पट्टी तीन वर्षांत खोडात रुतते. पोफळीवर चढणारे गडी शिंपुटे (सुपारीचे घड) खाली सोडतात, ते केबल बघून सोडत नाहीत. आणि आंब्याच्या फांदीवरून गेलेली केबल म्हणजे माकडांना वाट.

पण खोदायचे तर नीट खोदा. अर्धवट पुरलेली केबल टांगलेल्या केबलपेक्षा लवकर जाते, कारण फावडे आणि कुदळ रोज चालते.

पाइप ३२ मि.मी.चा काळा एचडीपीई (लवचीक प्लास्टिक), गुंडाळीत मिळतो तो. सहा-सहा मीटरचे करडे पीव्हीसी जोडत बसू नका. प्रत्येक सांध्यात मुळे घुसतात आणि गोंद जास्त झाला की आतल्या कडेला गाठ राहते, तिथे केबल अडते. अखंड गुंडाळीला सांधा नसतो.

खोली ४५ सें.मी., म्हणजे दीड फूट. गाडी जाते तिथे ६० ते ७५ आणि वरून लोखंडी पाइपाचे कवच. शिंपणाचा पाट ओलांडताना पाटाच्या तळाखाली आणखी ३० सें.मी. जा, कारण पाट दरवर्षी उपसला जातो. तळाला ५ सें.मी. बारीक वाळू किंवा चाळलेली माती, त्यावर पाइप, परत वाळू. चिऱ्याचे कंगोरे थेट पाइपाला टेकता कामा नयेत. अर्धी माती भरल्यावर, जमिनीपासून २० सें.मी. खाली, पिवळी इशारापट्टी अंथरा. पट्टी पाइपाला चिकटून ठेवली तर उपयोग शून्य. कुदळीला ती पाइपाच्या आधी लागली पाहिजे.

वाटेत जांभ्याचा कातळ लागेल तिथे फोडत बसू नका. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतल्या अंगाने पाइप न्या आणि दर ६० सें.मी.ला पकडा. उघडा राहील तेवढ्या भागाला जाड लोखंडी पाइप हवा, कारण घूस आणि साळिंदर प्लास्टिक कुरतडतात. पुरलेल्या भागातही जिथे बिळे दिसतात तिथे हेच करा.

सांधेकरी (फोंडा)

चिरेबंदींच्या लिखाणाला पुरवणी, केबल ओढण्याबद्दल.

दोन ओढजागांमध्ये काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणे नकोत, आणि काटकोनाला कोपऱ्याचा एल्बो कधीच नाही, पाइपच मोठ्या गोलाईने वळवा. दर ४०-५० मीटरला आणि प्रत्येक मोठ्या वळणाला एक छोटी चेंबर ठेवा, फूटभर बाय फूटभर, तळाला सिमेंट न घालता खडी. पाणी त्यातून जिरते. १४० मीटरला तीन पुरतात.

पाइप टाकतानाच आत नायलॉनची दोरी ठेवा. केबल ओढताना दुसरी दोरी सोबत ओढून घ्या, पुढच्या वेळेसाठी. दोरी बांधायची ती ताणकाड्यांना, कवचाला नाही. पोलादी तार नसलेली चपटी केबल घ्याल तर तिला ओढताना जेमतेम ८ किलो सोसतात, एका माणसाने झटका दिला की संपले. पाइपात घालायला गोल केबल घ्या, मध्ये जेल भरलेली नळी, भोवती धाग्यांचा थर, बाहेर काळे एचडीपीई. उंदरांची भीती असेल तर नालीदार पोलादी पट्टीची कवचवाली मिळते, मात्र तिचे पोलादही निवृत्त काकांच्या नियमाने घराबाहेरच थांबवायचे.

पाइपात पाणी येणारच. बाहेरून कितीही बंद केलेत तरी हवेतला दमटपणा आत साचतो. जेलवाल्या केबलला पाण्याचे काही नाही. पाण्याचे वावडे जोडाला आहे. म्हणून नियम एकच: जमिनीखाली जोड नाही, चेंबरमध्येही नाही. खांबाच्या डब्यापासून घराच्या डब्यापर्यंत केबल अखंड.

कुळागरकर (वाळपई)

जोडाबद्दलच विचारायचे होते. कंपनीचा माणूस दोन मिनिटांत हिरवा प्लग हाताने चढवतो. तो चालेल, की काच वितळवून जोडायला सांगू?

माडाखाली (मोरजी)

हाताने चढवलेल्या प्लगात काचेची दोन टोके एकमेकांना नुसती टेकलेली असतात, मध्ये थेंबभर जेल. कापणी सरळ आली तर नुकसान अर्ध्या डीबीच्या आसपास, आणि घरात कोरड्या जागी वर्षानुवर्षे चालते. तेव्हा सरसकट वाईट म्हणू नये.

सांधेकरी (फोंडा)

घरात मान्य. बाहेर नाही. उन्हात तापलेला डबा आणि रात्रीची थंडी यांत तो प्लग रोज फुगतो-आकसतो, जेल सरकते, टोके दूर होतात, मग पावसाळ्यात त्या फटीत ओल. तुमचा दोन-तीन तासांनी पूर्ववत होणारा दोष अगदी असाच वागतो. वितळवून केलेल्या जोडाला ०.०५ ते ०.१ डीबी पुरतात आणि त्यात शिरायला फटच नसते. डब्यात कारखान्यात बसवलेल्या प्लगाची दीड मीटरची शेपटी घ्या, ती केबलला वितळवून जोडा, जोडावर आकसणारी नळी, आणि ट्रेमध्ये नीट बसवा. शेपटीला हिरवा प्लग हवा, एससी-एपीसी. त्याचे टोक ८ अंशांनी तिरके असते. निळ्या सरळ टोकाच्या प्लगाशी तो जुळत नाही; बसतो, पण टोके टेकत नाहीत आणि तीन-चार डीबी तिथेच जातात.

घरातल्या यंत्राकडे जाणाऱ्या शेवटच्या प्लगाला हातचढा चालेल. मी तरी तिथेही तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कारखान्यात प्लग बसवलेली छोटी केबल) घेईन.

माडाखाली (मोरजी)

बाहेरच्या डब्यासाठी मग एवढे पाळा. केबली खालूनच आत येतील, वरून किंवा बाजूने नाही. प्रत्येक छिद्राला केबलच्या जाडीची ग्लँड (केबल घट्ट धरून छिद्र बंद करणारी), आणि न वापरलेल्या छिद्रांना बूच. मुंग्या तिथूनच शिरतात आणि ट्रेमध्ये माती व अंडी आणून ठेवतात, ती माती ओल धरते. झाकणाची रबरी पट्टी सलग बसलेली हवी, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. आत सिलिकॉन ओतू नये, पुढच्या माणसाला काहीच उघडता येत नाही.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक बघा. केरी, हरमल, मोरजीपासून खाली काणकोणपर्यंत खारा वारा जस्त चढवलेले हुक दोन-तीन पावसाळ्यांत खातो. तिथे स्टेनलेसच हवे, आणि समुद्र नजरेच्या टप्प्यात असेल तर ३०४ ऐवजी ३१६. वाळपईला ही अडचण नाही, साधे जस्ती चालतील.

चिरेबंदी (डिचोली)

आता भिंत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही.

केबल खिडकीच्या फटीतून नको. झडप बंद करताना दरवेळी चिमटा बसतो, शिवाय वळचणीची पागोळी केबलवरून वाहत सरळ आत येते.

जुनी चिरेबंदी भिंत दीड फुटाचीही असते, त्यामुळे साधा ड्रिल बिट पुरत नाही. भिंतीची जाडी खिडकीच्या चौकटीपाशी मोजा आणि तिच्याहून १० सें.मी. लांब, १२ ते १६ मि.मी. जाडीचा बिट आणा. छिद्र चिऱ्याच्या अंगातून पाडा, सांध्यातून नाही. मातीच्या सांध्यात ड्रिल घातला की माती सांडत राहते आणि आत पोकळी होते. आधी हातोड्याचा दणका बंद ठेवून २-३ सें.मी. खोल जा, मग दणका चालू. उलट केले तर ड्रिल सुरू केलेल्या बाजूचा गिलावा बशीएवढा उडतो.

छिद्र आतून बाहेर पाडायचे आणि बाहेरचे तोंड आतल्यापेक्षा दोन-तीन सें.मी. खाली यायला हवे. आत शिरू पाहणारे पाणी उताराने परत जाते. चिरा स्पंजासारखा पाणी पितो, म्हणून नुसत्या छिद्रातून केबल घालू नका. छिद्रात भिंतीपेक्षा थोडी लांब पीव्हीसीची नळी घाला, बाहेर १ सें.मी. पुढे ठेवा. नळीभोवतीची फट सिमेंटने आणि वरून सिलिकॉनने बंद करा. नळीच्या आत, केबलभोवती, पुट्टीसारखा मऊ भराव दाबा, तो पुढे काढता येतो. सिलिकॉन पूर्ण सुकलेल्या भिंतीलाच चिकटतो. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या चिऱ्यावर लावला तर पापुद्र्यासारखा निघून येतो, त्यामुळे हे काम मे महिन्यातच.

हुक आणि डब्यासाठी ८ मि.मी.चा, निदान ६० मि.मी. लांब, स्क्रू बसवायचा प्लग. गिलाव्याची जाडी वजा करून चिऱ्यात ४० मि.मी. तरी जायला हवा. छिद्रातली लाल भुकटी फुंकून किंवा पंपाने पूर्ण काढा. ती राहिली की प्लग फिरतो. ताण घेणारा हुक वाशाला किंवा पन्हळीला अडकवू नका. वाऱ्यात केबल हलली की कौले सरकतात, आणि मग गळती कुठून ते कळत नाही.

निवृत्त_लाईनमन (म्हापसा)

ड्रिलआधी आतल्या बाजूला विजेची नळी कुठून गेली आहे ते बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली छिद्र नको. काम चालू असताना मेन बंद.

सांधेकरी (फोंडा)

आणि भिंतीत शिरण्याआधी ड्रिप लूप. केबल खालून वर येऊन भिंतीत शिरली पाहिजे: डब्यातून निघून छिद्राच्या १५-२० सें.मी. खाली उतरावी, मोठी गोलाई घेऊन वर चढावी. पाणी सर्वांत खालच्या बिंदूला ठिबकते आणि भिंत कोरडी राहते. हा वळसा नसेल तर वरचा सगळा सिलिकॉन दोन वर्षांत हरतो.

जास्तीची केबल घरात कुंडली करून ठेवू नका, डब्याशेजारी बाहेर ३० सें.मी. व्यासाच्या कड्यावर सैल गुंडाळा. नायलॉनच्या पट्ट्या काळ्या घ्या, पांढऱ्या उन्हात वर्षभरात तुटतात. आवळताना पट्टीखाली केबल बोटाने फिरली पाहिजे. पकडीने करकचून ओढलेली पट्टी डोळ्यांना दिसत नाही अशी वळणे काचेला पाडते आणि प्रत्येक पट्टीला थोडा-थोडा प्रकाश जातो.

कुळागरकर (वाळपई)

ठरले ते असे. खांबावरून खाली आमच्या कुंपणापर्यंत कंपनी आणेल, तिथून घरापर्यंत जमिनीखालून. यादी केली आहे, चुकले असेल तर सांगा:

३२ मि.मी. एचडीपीई पाइप १४० मीटर, गोल जेलवाली काळी केबल १४० मीटर (जी.६५७.ए२), नायलॉन दोरी १४० मीटर, इशारापट्टी १४० मीटर, गाडीवाटेसाठी लोखंडी पाइप ६ मीटर, तीन चेंबर, घराबाहेर एक डबा, हिरव्या प्लगाच्या दोन शेपट्या, एक पॅच कॉर्ड. खोदाई पुढच्या आठवड्यात.

चिरेबंदी (डिचोली)

पाइप १५० घ्या. सरळ अंतर १४० असले तरी पाटाखाली उतरणे, झाडांच्या बुंध्यांना वळसे आणि दोन्ही टोकांना जमिनीवर येणारा हातभर भाग यांत ८-१० मीटर जातात. खोदताना माडाच्या बुंध्यापासून दीड मीटर लांब राहा, मुळे तोडू नका. रस्त्याच्या कडेला कुंपणाबाहेर कुदळ मारायची वेळ आली तर आधी पंचायतीला आणि पाण्याच्या खात्याला विचारा, नळाची लाईन तिथूनच जाते.

सांधेकरी (फोंडा)

केबल १४० ने पुरणार नाही. पाइपाचे १५०, खांबावरून उतरायला आणि खांबावरच्या कड्यात राखीव मिळून २०, घराकडे राखीव ५, दोन्ही डब्यांत सोलून कापण्यासाठी प्रत्येकी २. म्हणजे १७९, १८० मीटर मागा आणि दुकानदाराकडून एका तुकड्यात घ्या, दोन तुकडे जोडून नको. छापील मीटरचे आकडे सुरुवातीला आणि शेवटी बघून फोटो काढा. खांबापासून कुंपणापर्यंतही हीच केबल अखंड यायला हवी. कंपनीचा माणूस कुंपणापाशी डबा लावून दुसरी केबल जोडतो म्हणेल, तिथे नाही म्हणा. खांबावरून उतरताना जमिनीपासून अडीच मीटर उंचीपर्यंत लोखंडी पाइप लावून घ्या, गुरे अंग घासतात आणि गवत कापणारे यंत्र तिथेच फिरते.

दोरी दुप्पट घ्या, ३०० मीटर. एक ओढायला, एक आत ठेवायला.

आणि काम संपल्यावर पाइप माती टाकून झाकण्याआधी घराच्या टोकाला पॉवर मीटर लावा. शेजाऱ्याकडे उणे १९.२ आहेत, तुमच्याकडे उणे २० च्या आत यायला हवेत. उणे २१ आले तर माती ओढू देऊ नका, आधी कुठे दाबली गेली ते शोधा.

कुळागरकर (वाळपई)

दोरी ३००, केबल १८०, पाइप १५०. लिहून घेतले. मीटरचा आकडा आला की इथे टाकतो.